चौदा चालींत बरोबरी, तीही नियमात

प्रश्न : मुलाच्या बुद्धिबळ मानांकन स्पर्धेत ३० चालींच्या आत बरोबरी मान्य करायला बंदी होती. तरी शेजारच्या पटावर बर्लिन बचावाचा (काळ्याची डाव सुरू करण्याची एक पद्धत) डाव १४ चालींत बरोबरीत सुटला. हे कसं चालतं? मुलालाही असं अडकवलं तर?
– एक पालक, सांगली

उत्तर : बंदी असते ती आपसात ठरवून घेतलेल्या बरोबरीवर. तीच स्थिती, म्हणजे पटावरची तीच मांडणी आणि खेळी त्याच खेळाडूची, तिसऱ्यांदा आली, की पंचांकडे बरोबरीचा दावा करायचा हक्क शाबूत राहतो. तो डाव बहुधा असा झाला असावा (× म्हणजे मारणं) :

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ घोडा एफ६ ४. कॅसलिंग घोडा×ई४ ५. डी४ घोडा डी६ ६. डी×ई५ घोडा×बी५ ७. ए४ घोडा बी-डी४ ८. घोडा×डी४ डी५ ९. ई×डी६ (एन पासां, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं जाता जाता मारणं) घोडा×डी४ १०. वजीर×डी४ वजीर×डी६ ११. वजीर ई४ शह, वजीर ई६ १२. वजीर डी४ वजीर डी६ १३. वजीर ई४ शह, वजीर ई६ १४. वजीर डी४ वजीर डी६.

मुलं इथेच चुकतात. ती चाली मोजतात. मोजायची असते स्थिती. काळ्याचा वजीर डी६वर, पांढऱ्याचा डी४वर, खेळी पांढऱ्याची, ही स्थिती १०व्या चालीनंतरच पहिल्यांदा आली. तेव्हा वजीर तिथे मोहरं मारून पोचले, याने फरक पडत नाही. १२व्या आणि १४व्या चालीनंतर ती पुन्हा आली, म्हणजे तीन झाल्या.

दोघंही ही पुनरावृत्ती सोडून वेगळी चाल का खेळत नाहीत? १२व्या चालीला पांढऱ्याने ई६वर वजिरावजिरी (वजिरांची अदलाबदल) केली, तर काळ्याचे दोन्ही उंट मोकळ्या पटावर राहतात. ११व्या चालीला काळ्याने शहासमोर उंट ई६वर घातला, तर बी७चं प्यादं जातं आणि ए८च्या हत्तीवरही मारा येतो.

दावा काळ्याला करायचा असेल, तर १४वी चाल पटावर खेळायची नाही. ती स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहायची, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. पांढऱ्याला करायचा असेल, तर काळ्याची ती चाल झाल्यावर, मोहऱ्याला हात न लावता. हात लागला, की त्या खेळीपुरता हक्क गेला. दावा चुकीचा ठरला, तर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं वाढवून मिळतात.

पांढऱ्याकडून जिंकायचंच असेल, तर ६व्या चालीला उंट×सी६ खेळावं. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत काळ्याकडून खेळणाऱ्या क्रामनिकने जगज्जेत्या कास्पारोव्हला याच फाट्यावर रोखलं होतं; तिथे वजीर लवकर जातात, पण लढत लांबते. नाहीतर चौथ्या चालीलाच डी३. काळ्याकडून खेळताना तिसऱ्या चालीला ए६ खेळलं, की बर्लिनचा प्रश्नच येत नाही.