ख्रिस्ती पालक म्हणून मुलांना वाईट गोष्टींपासून कसं जपावं?

तुम्ही लिहिलंय की नगरहून बदली होऊन नाशिकरोडला आलात, मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत. मोबाइल, वर्गातल्या शिव्या, सोसायटीतले सण, यातलं काय काय बंद करावं असा तुमचा प्रश्न आहे. नगरकडे आपल्या माणसांचा गोतावळा मोठा, इथे एकदम मोकळं पडल्यासारखं वाटत असणार. ते समजतं.

मी नाशकातच, शरणपूर भागात राहतो. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. बंद करण्याचा प्रयोग मी मन लावून केलेला माणूस आहे, म्हणून त्याचं काय झालं ते आधी सांगतो.

मुलगा नऊ वर्षांचा असताना आमच्या सोसायटीत गणपती बसले. मी फर्मान काढलं: मंडपात जायचं नाही, प्रसाद खायचा नाही, मिरवणुकीत नाचायचं नाही. विसर्जनाच्या दिवशी पोरगा "मित्राकडे अभ्यासाला होतो" म्हणत घरी आला. तोंड स्वच्छ धुतलेलं, पण कानामागे गुलाल. मी ओरडलो, तो रडला. बायको रात्री एवढंच म्हणाली, "गणपतीने काय शिकवलं माहीत नाही, तुम्ही मात्र त्याला खोटं बोलायला शिकवलंत." आजही ते वाक्य बोचतं.

कलस्सैकरांच्या पत्रात बापांना सांगितलंय, मुलांना चिरडीस आणू नका, आणाल तर ती खिन्न होतील. खिन्न झालेलं पोर आपल्याशी भांडत नाही, लपवायला लागतं. वाईट संगतीला असंच पोर हवं असतं, ज्याला घरी काही सांगता येत नाही.

हे मला दुसऱ्यांदा कळलं ते पैसे भरून. मुलगा सातवीत असताना बायकोच्या खात्यातून चार हजार तीनशे रुपये गेले, शंभर-दोनशे करत. गेममधले कपडे आणि बंदुका. यूपीआयचा पिन त्याने तिच्या खांद्यावरून बघून पाठ केला होता. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की दोन महिने तो रात्री नीट झोपत नव्हता आणि आम्हाला वाटत होतं परीक्षेचं टेन्शन. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, पण साध्या गेममधली अशी खरेदी त्यात येत नाही. ती आपणच अडवायची. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक हे ॲप लावा, नवीन ॲप तुमच्या परवानगीशिवाय उतरत नाही आणि वेळेची मर्यादाही घालता येते. पिन बदला. आमच्याकडे रात्री साडेनऊनंतर चौघांचेही फोन हॉलमध्ये चार्जिंगला, पवित्रशास्त्र ठेवतो त्याच फळीवर. चौघांचे म्हणजे माझाही. माझा फोन उशाशी होता तोवर त्या नियमाला घरात काडीची किंमत नव्हती.

शिव्यांचं फार मनावर घेऊ नका. शाळेत ऐकतील, एखादी बोलूनही बघतील. अर्थ विचारला तर सरळ सांगा, बहुतेक वेळा तिथेच मजा संपते.

सणांचं आमच्या घरी आता असं ठरलंय: मित्राच्या घरी जायचं, बसायचं, त्याच्या आजीने वाढलेलं खायचं. आरतीला हात जोडायचे नाहीत, आणि कोणी विचारलं तर "आमची प्रार्थना वेगळी असते" एवढं न लाजता सांगायचं. नैवेद्याच्या अन्नाबद्दल पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात सविस्तर लिहिलंय, त्यातला दहावा अध्याय नवराबायकोने एकत्र वाचा. तुमच्या पाळकसाहेबांचं मत माझ्याहून कडक असू शकतं, त्यांच्याशीही बोला. पण शेजारच्या काकूंच्या मोदकाला आणि मोबाइलवरच्या घाणीला एकाच यादीत घालू नका. मुलांना दोन्हीतला फरक दिसतो. आपल्याला दिसत नाही म्हटल्यावर ती आपलं कुठलंच ऐकत नाहीत.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही ते. आपण सगळं वाईट बाहेर शोधतो. लहान मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस पुष्कळदा ओळखीचाच असतो: नातेवाईक, क्लासचे सर, आणि हो, आपल्या देवळातला, म्हणजे चर्चमधलाही. संडेस्कूल, शिबिर, गायनवर्ग, कुठेही मूल एकट्या मोठ्या माणसासोबत बंद खोलीत नको, मग तो माणूस कितीही प्रार्थनाशील असो. तिसरीतल्या मुलीला अवयवांची खरी नावं सांगा. "हे कोणाला सांगू नकोस" असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लगेच आईला सांगायचं, हे दोघांनाही शिकवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा मुलींइतकाच मुलग्यांनाही लागू आहे, आणि प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे. "मंडळीची बदनामी नको, आपसात मिटवू" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर त्यांना पाठ करून घ्या.

मुलगा मोठा होईल तसं व्यसनांबद्दलही बोलावं लागेल. तुमच्या नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात 2023 मध्ये एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडला. मी ती जुनी बातमी मुलीला मोठ्याने वाचायला दिली आणि गप्प बसलो. तिनेच मग कॉलेजबाहेरच्या टपरीवर काय चालतं ते सांगितलं. मी आधी प्रवचन सुरू केलं असतं तर एक शब्द मिळाला नसता.

योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू शिष्यांसाठी प्रार्थना करतो, यांना जगातून काढून घे असं मागत नाही, वाइटापासून राख असं मागतो. आमच्या शरणपूरचंच बघा. नावातच शरण आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनऱ्यांनी इथे आणली, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं, आणि त्यातली काही मोठेपणी परत आफ्रिकेत गेली. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरणारा जेकब वेनराइट इथेच शिकलेला. त्यांना कायमचं कुंपणात ठेवायचं कोणी ठरवलं नव्हतं.

आमची रोजची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांची असते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद, चार वचनं, मग प्रत्येकाने दिवसात काय बिघडलं ते सांगायचं. सुरुवात मी करतो. साहेबावर चिडलो, बिल भरायला विसरलो, काहीही. आणि नियम एकच: प्रार्थनेत सांगितलेल्या गोष्टीवर त्या रात्री ओरडायचं नाही. कधीकधी जीभ चावून बसावं लागतं.

या वर्षी रंगपंचमीला मुलाने विचारलं, जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारायला मित्रांसोबत जाऊ का? ऐन लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत. मी जरा घुटमळलो, मग कोणासोबत जाणार, किती वाजता परत येणार हे विचारून हो म्हटलं. रहाडीचा रंग काही एका आंघोळीत जात नाही. रविवारी देवळात मागच्या बाकावरच्या मावशींनी त्याचा कान धरून विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "रहाड. पप्पांना विचारून गेलो होतो."