दुरुस्तीच्या फॉर्ममधून वजन बदलले की जुनी नोंद तशीच राहून नवी का तयार होते?

शेतकरी गटाच्या कापूस खरेदीची नोंद पीएचपी-मायएसक्यूएलमध्ये (वेबपाने चालवणारी भाषा आणि डेटाबेस) ठेवताना, 'दुरुस्त करा' दाबून वजन बदलले की जुनी नोंद तशीच राहते आणि खाली नवी उमटते, असे आपण लिहिले आहे. फॉर्म उघडताना नोंदीचा आयडी (ओळख क्रमांक) पानाच्या वेब-पत्त्यात असतो, पण सेव्ह करताना तो फॉर्मसोबत जात नसावा. म्हणून कोड नोंदीला नवी समजून इन्सर्ट (नवी ओळ घालण्याची आज्ञा) चालवतो. आयडी फॉर्मच्या हिडन फील्डमध्ये (न दिसणाऱ्या रकान्यात) ठेवा आणि तो आला असेल तर अपडेटच चालवा. अपडेटमध्ये व्हेअर (कोणती ओळ बदलायची ही अट) राहून गेले, तर तक्त्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांचे वजन एकाच आकड्यावर येईल.

हिडन फील्ड फक्त दिसत नाही. ब्राउझरमधून ते कोणालाही बदलता येते. म्हणून व्हेअरमध्ये आयडीबरोबर लॉगिन केलेल्या केंद्राचा क्रमांक सर्व्हरवरच्या सेशनमधून (लॉगिनची माहिती जिथे राहते) घालावा, आणि सर्व मूल्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच (आज्ञा आणि मूल्ये वेगळी ठेवणाऱ्या पद्धतीने) द्यावीत.

मराठी कीबोर्डवरून '२४' टाइप झाले आणि कोडने त्याचे पूर्णांकात रूपांतर केले, तर पीएचपी त्याला शून्य मानते; त्यामुळे देवनागरी अंक आधी बदलून घ्यावेत. जमिनीचा गट क्रमांक '४५/२' असाही असतो, तेव्हा तो कॉलम मजकुराचाच हवा.

खरी अडचण हंगामात येते. आमच्या हिंगणघाट भागात दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की काट्यावरचा माणूस आणि मुनीम एकच काटापट्टी (वजनाची पावती) एकाच वेळी उघडून बसतात. मुनीम भाव दुरुस्त करतो, आणि पाच मिनिटांनी काट्यावरून वजन सेव्ह होते, त्यासोबत फॉर्ममधला जुना भावही परत बसतो. यासाठी तक्त्यात आवृत्तीचा कॉलम ठेवावा, फॉर्म उघडतानाची आवृत्ती व्हेअरमध्ये तपासावी आणि त्याच अपडेटमध्ये ती एकाने वाढवावी. एकही ओळ बदलली नाही, तर 'ही नोंद दरम्यान बदलली आहे, पुन्हा उघडा' असा संदेश द्यावा. मायएसक्यूएल एरवी काहीच न बदलता सेव्ह केले तरी शून्य ओळी सांगते. आवृत्ती दर वेळी वाढत असल्याने ती गफलतही उरत नाही.

सेव्हनंतर यादीच्या पानावर रीडायरेक्ट करावे. चुकाऱ्याच्या (पैसे देण्याच्या) वेळी शेतकरी वजनावरून विचारणा करणारच, तेव्हा जुने वजन, नवे वजन, बदलणारा आणि वेळ ही नोंद वेगळ्या तक्त्यात, अपडेटच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही बदल एकत्र होतील, नाहीतर एकही नाही) करावी.