पाळत, टेहळणी की निगराणी?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: वादविवाद स्पर्धेसाठी 'राष्ट्रीय सुरक्षेसाठी नागरिकांची निगराणी केली जावी का?' असा विषय आला आहे. इथे निगराणी बरोबर, टेहळणी की पाळत?

माझ्या मते पाळत. निगराणी फारसीतून आलेला, आपल्या 'निगा'चा सोयरा. निगा आपण कुळागराची, म्हणजे माडापोफळींच्या बागेची, राखतो, घरातल्या आजाऱ्याची राखतो. त्यामुळे 'नागरिकांची निगराणी' वाचले की सरकार काळजी घेते आहे असे वाटते, आणि मुले वाद सुरू होण्याआधीच एका बाजूला झुकतात. टेहळणीचे तोंड बाहेरच्या दिशेला असते. आग्वाद किल्ल्याच्या तटावरून समुद्रावर ठेवत ती टेहळणी, येणाऱ्या गलबतांसाठी. देखरेख कामावर किंवा जागेवर असते. बसस्थानकावरच्या कॅमेऱ्याला ती चालेल.

पाळत मात्र माणसावर असते, आणि बहुधा त्याच्या नकळत. खरकसिंग खटल्यात (1962) सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेश पोलिसांचे जे नियम होते, त्यांत घराबाहेर छुपा पहारा, रात्री-अपरात्री घरी जाऊन खात्री करणे, कुठे गेला-आला याची नोंद हे सारे होते. याला मराठीत पाळतीशिवाय दुसरे काय म्हणणार? न्यायालयाने तेव्हा रात्रीच्या घरभेटी तेवढ्या रद्द केल्या, बाकीचे राहू दिले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली एकमताने सांगितले.

गोव्यात तरी पाळत हा शब्द गुळगुळीत होऊ नये असे मला कळकळीने वाटते. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत इथे लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे. (ती पाळत नव्हे, ती छपाईपूर्व तपासणी, दोन्हींत गल्लत नको.) 18 जून 1946 ला मडगावात राममनोहर लोहिया उभे राहिले ते सभेच्या आणि भाषणाच्या स्वातंत्र्यासाठी. नागरी स्वातंत्र्य हा शब्द आपल्याकडे पाठ्यपुस्तकाच्या आधी रस्त्यावर आला.

आता वाक्याकडे. 'निगराणी केली जावी' यात करणारा कोण ते दिसतच नाही. फोनवरची संभाषणे ऐकण्याबाबत 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हुकूम गृहसचिवाने काढावा असे ठरवून दिले, त्याला दोन महिन्यांची मुदत घातली आणि वाढवत नेला तरी एकूण सहा महिन्यांची मर्यादा. म्हणजे कायद्यालाही करणारा ठाऊक असावा लागतो. म्हणून विषय असा छापावा: 'राष्ट्रीय सुरक्षेसाठी सरकारने नागरिकांवर पाळत ठेवावी का?' आणि 'नागरिकांची' नव्हे, 'नागरिकांवर'. पाळत नेहमी कुणावर तरी ठेवली जाते.