डोळे तेवढे लुगोसीचे!

प्रश्न : नमस्कार ताई, झोंबिवली बघितल्यापासून मला झोंबी पिक्चरचं वेडच लागलंय. जुने शोधता शोधता १९३२ चा व्हाइट झोंबी सापडला, जाम आवडला. मग त्याचा पुढचा भाग म्हणून १९३६ चा रिव्होल्ट ऑफ द झोंबीज लावला तर त्यात ना ती माणसं ना ते हैती, सगळं कंबोडियात! हा खरंच सिक्वल आहे का? आणि या दोन्हीतले झोंबी कुणाला चावत कसे नाहीत? (एक कॉलेजवाला, सांगली)

उत्तर : अरे किती छान प्रश्न विचारलास, या दोन पिक्चरबद्दल कुणी विचारलं की मला फार बरं वाटतं. नात्याने म्हणशील तर हो, सिक्वलच, कारण दोन्ही हॅल्परिन भावांचे, व्हिक्टर दिग्दर्शक आणि एडवर्ड निर्माता. पण गोष्ट पुढे जात नाही. पहिल्या महायुद्धात एका कंबोडियन पुजाऱ्याकडे माणसांना झोंबी करायची विद्या असते, ती अंगकोरच्या देवळांत शोधून कायमची नष्ट करायला लोक जातात आणि त्यांच्यातल्याच आर्मांडच्या हाती ती लागते, तो प्रेमात पोळलेला, मग काय, एकेकाला गुलामच करत सुटतो. आर्मांड झालाय डीन जॅगर, त्याला पुढे ऑस्करही मिळालं, पण इथे तो फार अवघडलेला वाटतो.

आणि व्हाइट झोंबीमधला खलनायक झालेला नट बेला लुगोसी यात नाही असं तुला वाटलं असेल ना, तर परत बघ! आर्मांड कुणाला वश करायला लागला की पडद्यावर दोन मोठ्ठे डोळे येतात, ते लुगोसीचेच आहेत, व्हाइट झोंबीमधला तोच शॉट उचलून परत परत चिकटवलाय आणि श्रेयनामावलीत त्याचं नावसुद्धा नाही. मला हे खरंच लागतं. अख्ख्या पिक्चरमध्ये अंगावर काटा आणणारी तेवढी एकच गोष्ट आणि ज्याची आहे त्याचं नाव नाही.

बाकी अंगकोरला कुणी गेलंच नव्हतं, देवळांची चित्रं मागच्या पडद्यावर आणि नट पुढे उभे. दलदलीतून चालण्याच्या सीनमध्ये तर पाणी एकीकडे आणि माणूस एकीकडे असं स्पष्ट दिसतं. वर कोर्टकचेरी झाली ती वेगळीच, व्हाइट झोंबीला पैसा पुरवणाऱ्या कंपनीने 'झोंबी' शब्द वापरण्यावरूनच १९३६ मध्ये केस ठोकली आणि न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्यांचंच म्हणणं उचलून धरलं.

आता चावण्याचं. माणसं खाणारे झोंबी आले १९६८ मध्ये, जॉर्ज रोमेरोच्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेडपासून. त्याआधीचा झोंबी म्हणजे वेठबिगार, मेल्यावरही न सुटलेला. हैतीत फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत राबत मरायचे, मेल्यावर तरी सुटका होईल अशी आशा, आणि तिथेही कुणीतरी उठवून परत कामाला जुंपलं तर? ही ती भीती. १९१५ ते १९३४ हैती अमेरिकेच्या ताब्यात होतं, तेव्हा विल्यम सीब्रुक या अमेरिकन लेखकाने १९२९ मध्ये तिथल्या या गोष्टी पुस्तकात लिहिल्या आणि तिथून हा झोंबी हॉलिवूडमध्ये पोचला. म्हणून मला तरी तो राक्षस वाटतच नाही, त्याची दया येते.

रिव्होल्टमध्ये हा धागा आहे, पण अगदी शेवटी. आर्मांड प्रेमापोटी आपली शक्ती सोडून देतो, सगळे भानावर येतात आणि त्याच्यावरच उलटतात, नावातलं बंड ते एवढंच. तासभराच्या पिक्चरमध्ये आधी नुसतं बोलणं बोलणं आणि बोलणं, त्यामुळे तू कंटाळला असशील तर तुझं काही चुकलं नाही.

पण व्हाइट झोंबीमधला साखर कारखान्याचा सीन हेडफोन लावून परत बघ. झोंबी मोठं लाकडी चक्र ढकलत फिरतायत, लाकूड करकर करतंय, आणि एक जण तोल जाऊन खाली यंत्रात पडतो. कुणी ओरडत नाही, कुणी वळून बघत नाही, चक्र थांबत नाही, ती करकर तशीच चालू.