वाचकांचे प्रश्न : हरवलेल्या पोथीचा माग

प्रश्न : पणजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत मोडीत एक ओळ आहे – 'एकनाथी भागवत पोथी वाचावयास दिली, पाने २१२, वेष्टण तांबडे'. कोणाला दिली ते नाव कसरीने खाल्ले. चरईतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली. शोध कुठून सुरू करावा? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाव गेले तरी २१२ हा आकडा शिल्लक आहे आणि तो फार मोलाचा आहे. एकनाथी भागवतात ३१ अध्याय, सुमारे १८,८०० ओव्या. फूटभर लांब पोथीत एका बाजूला दहा-बारा ओळी आणि ओळीला साधारण एक ओवी धरा. म्हणजे पानाच्या दोन्ही बाजू मिळून चोवीसच्या आसपास. या हिशेबाने पूर्ण ग्रंथाला पावणेआठशे पाने लागतात. २१२ पानांत जेमतेम पाच हजार ओव्या बसतील. अक्षर बारीक धरले तरी दिलेला गठ्ठा ग्रंथाचा एक भागच असणार. तेव्हा उरलेले गठ्ठे कुठे आहेत, हे आधी पाहा. चुलत घराण्यांचे देव्हारे, माळे, गावाकडची पेटी, काहीही सोडू नका.

मोडी वाचणाऱ्याला ती एकच ओळ दाखवून थांबू नका. मागची-पुढची दोन वर्षे वाचून घ्या. त्याच माणसाशी धान्याची, व्याजाची देवघेव असेल, तर खाल्लेले नाव दुसऱ्या पानावर शाबूत मिळू शकते. पोथी परत आल्याची नोंदही तिथेच असू शकते.

मग संस्था : ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि भांडारकर संस्था (१९१७), धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ. नुसते 'एकनाथी भागवत' विचारलेत तर हाती काही लागणार नाही, इतक्या त्याच्या नकला आहेत. 'अपूर्ण' शेरा, पानांची संख्या, उरलेल्या गठ्ठ्यांवरून कळली तर हरवलेल्या भागाची पहिली आणि शेवटची ओवी आणि देणाऱ्याचे गाव, एवढे लिहून न्या.

प्रश्न : आमच्या एकनाथी भागवताच्या शेवटी शके १४९५ आहे. म्हणजे पोथी साडेचारशे वर्षांची ना? – घणसोली, नवी मुंबई

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. वाराणसीत एकनाथांचा हा ग्रंथ पुरा झाला तो हा शक, म्हणजे इसवी सन १५७३. नाथांनी तो ओवीतच गुंफला आहे, त्यामुळे प्रत्येक नकलेत येतो. तुमची प्रत कधीची, ते त्यानंतरच्या पुष्पिकेत, म्हणजे नक्कल करणाऱ्याने शेवटी लिहिलेल्या मजकुरात, शोधा. तिथे त्याचे नाव, गाव, तिथी आणि संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातले वर्षाचे नाव) असते. शक नीट वाचला का, याचा ताळा असा : शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासून संवत्सराचा क्रमांक. १४९५ अधिक १२ म्हणजे १५०७, बाकी ७, सातवा श्रीमुख. नाथांच्या ओवीतही श्रीमुखच आहे. ताळा जमला नाही तर आकडा चुकीचा वाचला गेला असेल किंवा नक्कल करणाराच चुकला असेल. शकाचा इसवी सन काढताना ७८ मिळवा. माघ-फाल्गुनाची तिथी असेल तर ७९.

एक गोष्ट त्याआधी पाहा. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या हाती लिहिल्यासारख्याच दिसतात. भिंगाखाली धरा. बोरूने लिहिलेल्या ओळीत शाई भरली तिथे अक्षर गडद उमटते आणि पुढे फिके होत जाते. छापील पानावर काळेपणा सगळीकडे सारखा.

प्रश्न : माळ्यावर मिळालेल्या पोथीची पाने चिकटली आहेत, काही ठिकाणी पिवळा लेप आहे. – कोपरी, ठाणे

उत्तर : सुरीने सोडवू नका, उन्हातही ठेवू नका. ओल असेल तर सुटी होणारी पाने टिपकागदात घालून सावलीत, पंख्याच्या लांबच्या वाऱ्यावर वाळवा. चिकटलेला भाग संवर्धकाकडेच न्या. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा, त्यांचे नुकसान परत भरून निघत नाही. पिवळा लेप म्हणजे चूक झाकायला लावलेला हरताळ. त्यात आर्सेनिक असते, म्हणून बोटाला थुंकी लावून पान उलटू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. वाळलेली पोथी दोन फळ्यांमध्ये, धुतलेल्या बिनखळीच्या सुती कापडात घट्ट बांधा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका.