विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना घेताना
गोव्याच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातले कमी ऑक्सिजनचे पाणी वर सरकते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी कधीकधी हायड्रोजन सल्फाइड वायूही तयार होतो. त्यामुळे तुम्हाला याच हंगामावर काम करायचे असेल, तर पाण्यातला ऑक्सिजन रसायने घालून मोजण्याच्या विंक्लर पद्धतीवर आधी हात बसवा. सॅम्पलरमधून (खोलातले पाणी वर आणणाऱ्या उपकरणातून) पाणी घेताना रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या, बाटली संथपणे भरून बरेच पाणी वाहून जाऊ द्या आणि आत बुडबुडा दिसलाच, तर कितीही जिवावर आले तरी तो नमुना टाकून द्या. मँगनीज क्लोराइड व अल्कलाइन आयोडाइड ही रसायने जहाजाच्या डेकवरच, ताबडतोब घाला. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी येतो. पांढराच राहिला, तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही असे समजावे. ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे विंक्लर पद्धतीतल्या टायट्रेशनशी (रसायन थेंबाथेंबाने घालून केलेल्या मोजणीशी) ताडून पाहावेत; नुसत्या सेन्सरवर माझा तरी विश्वास नाही.