किचनच्या चिमणीला आग लागली तर फायर ब्रिगेडवाले नेमकं काय करतात?
आल्या आल्या आधी मेन स्विच आणि गॅस बंद करतात, मग आग विझवणारी ड्राय पावडर किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस मारतात, कारण पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं की त्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल सगळीकडे उडतं. पण खरी काळजी डक्टची, म्हणजे चिमणीचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपची, आत तेलाचा चिकट थर असतो ना, तो आतल्या आत धुमसत राहतो, म्हणून डक्ट काढून, गरज पडली तर फॉल्स सीलिंग फोडून ते शेवटपर्यंत बघतात, तेव्हा प्लीज त्यांना अडवू नका. ते येईपर्यंत शक्य असेल तर चिमणीचा फॅन बंद करा, नाहीतर आग वर ओढली जाते. १०१ लावा आणि वॉचमनला सांगून गेटसमोरच्या गाड्या हलवून घ्या, मुंबईत बंब तिथेच अडकतो.